जास्तीचा पाहुणा शेजाऱ्याकडे पाठवताना: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या होमस्टेवाल्यांसाठी

पावसाळ्यात शनिवार-रविवारी चोर्ला घाटाच्या वाटेवर खोल्या पुरत नाहीत, मंगळवारी त्याच ओस. म्हणून पाहुणे वाटून घ्यायची घडी बसवा. सुरुवातीला पाच जण पुरेत: तीन होमस्टे, एक खानावळ, एक जीपवाला. मोठ्या ग्रुपात कुणीच कुणाला बांधील राहत नाही.

आधी एकमेकांच्या खोल्या स्वतः बघा: संडास, गरम पाणी, लाईट गेल्यावरची सोय. पाहुणा पाठवणाऱ्याचं कमिशन सुरुवातीलाच ठरवा, समजा १० टक्के, आणि दर सोमवारी हिशेब चुकता करा. बिनसतं ते इथेच. "नंतर बघू" म्हणत ३०० रुपये राहतात, मग पुढच्या खेपेला फोन उचलला जात नाही. वहीत चार रकाने आखा: तारीख, कुणी पाठवला, कुणाकडे गेला, रक्कम. सही दोघांची.

दुसऱ्याने पाठवलेल्या पाहुण्याला परस्पर आपला नंबर देऊ नका. कन्नड बोलणारा मालकही सोबत घ्या. हुबळी-बेंगळुरूच्या पाहुण्यांशी त्याचं बोलणं सोपं जातं, पुणे-कोल्हापूरकरांशी तुमचं.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नेतो, असा शब्द कुणीही पाहुण्याला द्यायचा नाही. एकाने नेलं तर बोट सगळ्यांकडे दाखवलं जातं.