मनिलात फिलिपिनो जेवायला जाताय? मग ऑर्डर अशी करा

आपली मंडळी मनिलात गेली की दोन दिवस जॉलीबी या तिकडच्या फास्ट फूड चेनचं चिकन आणि ती गोड स्पॅगेटी खातात, तिसऱ्या दिवशी इंडियन हॉटेल शोधतात आणि परत येऊन सांगतात की तिकडे खायलाच काही नाही. अहो आहे की! फक्त एक डिश मागवून तीच खात बसलात तर मजा येणार नाही, आंबट, तेलकट आणि खारट असं तिन्ही एकाच वेळी टेबलवर आलं पाहिजे आणि मधे भरपूर भात.

आधी वेळेचं बघा. मनम, मेसा वगैरे फेमस हॉटेलं बहुतेक मॉलमध्येच आहेत आणि रविवारी दुपारी तिथे आजीआजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घर आलेलं असतं. पगार १५ आणि ३० तारखेला होतात, त्या संध्याकाळी तर विचारूच नका. दारातल्या लिस्टवर नाव लिहून ताटकळायचं नसेल तर अकरा-साडेअकराला नाहीतर संध्याकाळी सहाच्या आत पोचा.

चौघं असाल तर एक सिनिगांग, एक तळलेलं काहीतरी, एक भाजी, एवढं बास. सिनिगांग म्हणजे चिंचेचा आंबटढाण पातळ रस्सा, त्यात मुळा, पालेभाजी आणि मांस किंवा मासे. मनममध्ये बीफ आणि कलिंगड घातलेलं सिनिगांग फेमस आहे (हो, कलिंगड, आणि चक्क छान लागतं), बीफ चालत नसेल तर कोळंबीचं मागा, सिनिगांग ना हिपोन म्हणायचं. तिथे डिशेस छोट्या-मध्यम-मोठ्या साइजमध्ये मिळतात त्यामुळे दोघंच असाल तरी तीन-चार गोष्टी चाखता येतात. तळलेल्यात क्रिस्पी पाता, म्हणजे डुकराचा पाय उकडून मग कडक तळलेला, किंवा सिसिग, म्हणजे डुकराच्या डोक्याचं मांस बारीक चिरून गरम तव्यावर चुरचुरत आणतात ते.

आता मेन मुद्दा, सावसावान, म्हणजे बुडवून खायच्या चटण्या. टेबलवर सोया सॉस, व्हिनेगर, कालामान्सी नावाची गोटीएवढी हिरवी लिंबं आणि लाल लाबुयो मिरची येते, नसेल आली तर मागून घ्या, आणि मग आपापल्या वाटीत आपणच मिक्स करायचं. मी आधी दोन-तीन कालामान्सी पिळतो, चमच्याने बिया काढतो, मग सोया सॉस, आणि शेवटी मिरची चमच्याच्या पाठीने नुसती चेपायची, चिरडलीत तर गेलात कामातून. तळलेल्याला मात्र व्हिनेगरच. आणि कारे-कारे मागवलंत, म्हणजे शेंगदाण्याच्या दाट रश्शात बीफची शेपटी, वांगं, केळफूल, तर ते अळणी लागलं म्हणून तोंड वाकडं करू नका, सोबतच्या वाटीत बागोओंग असतो, आंबवलेल्या बारीक कोळंबीचा खारट ठेचा, तो घासागणिक थोडाथोडा लावून खायचं. वास उग्र आहे, सुकट खाणाऱ्याला काहीच वाटणार नाही.

व्हेजवाल्यांना खरं सांगतो, अवघड आहे. पिनाकबेटमध्ये कारलं, भेंडी, वांगं, भोपळा बघून खूश व्हाल पण बागोओंग त्यातही असतो. लाइंग म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, दिसायला थेट आपलं फदफदं, आत बहुतेक सुकी मासळी नाहीतर पोर्क. मुगाची उसळवजा मुंगो शुक्रवारी हमखास मिळते, वर डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा. त्यामुळे नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग, वालांग पातिस पो’ असं एकेक नाव घेऊन सांगा, म्हणजे मांस, मासे, बागोओंग, फिश सॉस काही नको (शेवटचं ‘पो’ आदरासाठी). कडक शाकाहारी असाल तर सरळ व्हीगन हॉटेल गाठा, उगाच वेटरशी वाद नको.

पोर्क-बीफ नको पण चिकन चालतं? मग प्रश्नच मिटला. मांग इनासाल या चेनमध्ये कोळशावर भाजलेलं चिकन आणि भात हवा तेवढा, भातावर ते केशरी चिकन ऑइल ओतायला विसरू नका. जरा निवांत बसायचं असेल तर रोहास बुलेव्हार्डवरचं १९३६ पासूनचं अ‍ॅरिस्टोक्रॅट, तिथला चिकन बार्बेक्यू आणि पिवळा जावा राइस.

मासेखाऊंनी मकापगाल बुलेव्हार्डच्या दांपाला जावंच. बाजारात मासे-खेकडे स्वतः निवडून विकत घ्यायचे आणि शेजारच्या हॉटेलात शिजवून घ्यायचे. भाव कोळणीशी करतो तसा बिनधास्त करा, काट्यावर नजर ठेवा आणि शिजवायचे पैसे किलोला किती ते आधी ठरवा, बसल्यावर नाही.

बाकी किरकोळ. काटा डाव्या हातात, चमचा उजव्या, सुरी बहुतेक नसतेच. वेटरला कुया (दादा), वेट्रेसला आते (ताई) अशी हाक मारायची आणि वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावलं की चेहरे खुलतात. शेवटी हालो-हालो घ्या, म्हणजे बर्फाच्या चुऱ्यात दूध आणि गोडाचे तुकडे, दोघांत एक पुरे, वरचं जांभळ्या कंदाचं उबे आइस्क्रीम आधी संपवू नका, लांब चमच्याने तळापर्यंत ढवळा मग खा. बिलासाठी हवेत दोन बोटांनी चौकोन काढून ‘बिल आउट पो’ म्हणायचं, त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज बऱ्याचदा धरलेला असतो, तो बघा आणि मगच टीपचं ठरवा.