आज्ञा ‘ऐकायची’ कशी: शौलाच्या मेंढरांपासून सुरुवात

‘मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानांविषयी आपली काहीच तक्रार नसते. ऐकणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे या दोहोंसाठी मराठीला एकच क्रियापद पुरते, आणि बायबलमधल्या जुन्या कराराच्या इब्री (हिब्रू) भाषेतही ‘शमा’ हे क्रियापद नेमके असेच दुहेरी काम करते. त्यामुळे देवाच्या आज्ञापालनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला एक सोय आयतीच लाभलेली आहे. ‘आज्ञापालन’ हा जड शब्द क्षणभर बाजूला ठेवावा आणि कोण कोणाचे ऐकतो आहे, एवढाच प्रश्न मनात धरून शास्त्र उघडावे.

सुरुवात जुन्या करारातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायापासून करावी. इस्राएलचा पहिला राजा शौल याला शमुवेल संदेष्ट्याने तिथे देवाची आज्ञा सांगितली आहे. त्याची वचने अवघी ३५ आहेत, म्हणून तो प्रथम एका बैठकीत सलग वाचावा. दुसऱ्या वाचनाला वही घ्यावी, पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी, डावीकडे शौलाला काय सांगितले होते ते आणि उजवीकडे त्याने प्रत्यक्षात काय केले ते लिहावे. तिसऱ्या वचनातली आज्ञा अमालेकी लोकांच्या संपूर्ण नाशाची आहे, तर आठव्या आणि नवव्या वचनांत त्यांचा राजा अगाग जिवंत आहे आणि उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवलेली आहेत. नाश झाला तो टाकाऊ मालाचा. इथे थोडे थांबून एक गोष्ट मान्य करावी लागते. ही आज्ञा एका संपूर्ण लोकसमूहाच्या, त्यांच्या बायकामुलांसकट, संहाराची आहे आणि ती वाचताना श्रद्धाळू माणसालाही अडखळायला होते. ते अडखळणे गुळगुळीत स्पष्टीकरणाखाली झाकू नये, आणि त्या आज्ञेचा आधार घेऊन आज कोणाविरुद्ध हात उचलावा असा अर्थ तर मुळीच काढू नये. आपल्याला या अध्यायातून पाहायचे आहे ते शौलाचे मन.

ते मन तेराव्या वचनापासून उघडे पडते. रात्रभर देवाकडे आक्रोश करून शमुवेल गिलगालास शौलाकडे येतो आणि शौल त्याला सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. त्यावर शमुवेल फक्त विचारतो, मग माझ्या कानी पडणारे हे मेंढरांचे बें बें आणि गुरांचे हंबरणे कसले? आता शौलाच्या उत्तरातली सर्वनामे अधोरेखित करावीत. मेंढरे ‘त्यांनी’ आणली, उत्तम ती ‘लोकांनी’ राखली, आणि बाकीच्यांचा नाश मात्र ‘आम्ही’ केला. शिवाय ती राखली कशासाठी, तर ‘तुझा देव’ परमेश्वर याला यज्ञ करण्यासाठी. अर्धवट पाळलेल्या आज्ञेवर धर्मकृत्याचे पांघरूण घालण्याची ही रीत इतकी ओळखीची आहे की दुसऱ्या कोणाचे उदाहरण शोधण्याची गरज मला तरी भासली नाही. शमुवेलाचे प्रसिद्ध उत्तर, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे या संवादानंतर येते आणि तिथेच वाचले तर त्याची धार कळते. चोविसाव्या वचनात शौल अखेर खरे बोलतो: मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले. इब्रीत इथेही तेच क्रियापद आहे. म्हणजे शौल बहिरा नव्हता. त्याने ऐकले, पण भलत्याचे ऐकले.

अभ्यासाकडून आचरणाकडे वळताना पहिली चूक होते ती मोठ्या आज्ञेची वाट पाहण्याची. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून अलीशा संदेष्ट्याच्या दारी आला, तेव्हा यार्देन नदीत सात वेळा बुडी मार एवढाच निरोप ऐकून तो रागाने परत फिरला. आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याला वळवले ते त्याच्या चाकरांनी: अवघड काही सांगितले असते तर केलेच असते ना? म्हणून महिन्यासाठी एकच लहान आणि संदिग्धता नसलेली आज्ञा निवडावी. लेवीय १९:१३ चांगली आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. अनुवाद २४:१५ मध्ये तर सूर्य मावळण्याआधी ती द्यावी, कारण त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते, असे कारणही दिले आहे. शनिवारी संध्याकाळी दाराशी उभ्या असलेल्या गवंड्याला ‘सोमवारी ये, सुटे नाहीत’ असे सांगणाऱ्याला या वचनाचा अर्थ समजावून घेण्यासाठी भाष्यग्रंथांची गरज नाही.

यानंतरचा भाग नाजूक आहे, कारण देवाचे ऐकायला तयार झालेल्या माणसाला देवाच्या नावाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचावा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला बेथेलात अन्न खाऊ नको, पाणी पिऊ नको आणि आल्या वाटेने परतू नको, अशी स्पष्ट आज्ञा होती. राजाचे आमंत्रण त्याने नाकारले. पण एका वृद्ध संदेष्ट्याने ‘मला देवदूताने सांगितले आहे’ अशी थाप मारताच तो त्याच्या घरी जेवायला गेला आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. कथा कठोर आहे, पण तिच्यातून कसोटी मिळते: कोणाचा दृष्टान्त तुम्हाला आधीच्या स्पष्ट वचनातून मोकळीक देत असेल, तर सांगणाऱ्याचे वय आणि मान कितीही असो, थांबावे. तशीच दुसरी कसोटी प्रेषितांची कृत्ये ५:२९ मधली. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे हे पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेसमोर आरोपी म्हणून उभे असताना बोलले. तेच वचन एखादा पुढारी मंडळीने आपले निमूट ऐकावे म्हणून वापरू लागला, तर वचन उलटे धरले आहे असे खुशाल समजावे.

मन तयार नसेल तर काय करावे? अटकेपूर्वी येशूने जिथे प्रार्थना केली ती गेथशेमाने बाग पाहावी. हा प्याला टळो, ही विनंती येशूने तीन वेळा केली, आणि तरीही फिलिप्पैकरांस पत्र त्याला वधस्तंभावरील मरणापर्यंत आज्ञाधारक म्हणते. मागणे, रडणे, पुन्हा मागणे हे अवज्ञेत मोडत नाही. मत्तय २१ मधल्या दोन मुलांपैकीही वडिलांच्या इच्छेप्रमाणे केले ते आधी तोंडावर ‘नाही’ म्हणून नंतर मळ्यात गेलेल्याने. ‘हो, जातो’ म्हणणारा गेलाच नाही. मात्र यातून देवाकडे पुण्याची खातेवही उघडली असे समजू नये. पौलाने रोमकरांस लिहिताना ज्या आज्ञापालनाचा उल्लेख केला ते विश्वासाचे आहे, मजुरीचे नव्हे.

महिनाभर हे जमले की मत्तय ५:२३-२४ हाती घ्यावे. वेदीशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू सांगतो. ऐकणारे लोक मुख्यतः गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, काही दिवसांच्या पायी प्रवासावर; म्हणजे अर्पणाचे जनावर तिथे सोडून घरी जायचे आणि परत यायचे. आपल्याकडे हे अंतर बहुधा शेताच्या बांधाएवढे असते. येत्या रविवारी प्रभुभोजन असेल तर शनिवारीच जावे, साक्षीला कोणाला नेऊ नये, वाटणीची कागदपत्रे घरी ठेवावीत. भावाने पाणी दिले तर प्यावे. बोलायचे वाक्य आधी वहीत लिहून पाहावे आणि त्याची सर्वनामे शौलाच्या उत्तराप्रमाणेच तपासावीत: ‘आपल्यात गैरसमज झाला’ आणि ‘लोकांनी कान भरले’ ही दोन्ही खोडावीत, आणि ‘बांधाचा दगड मी सरकवला होता’ हे तेवढे राहू द्यावे.