टोकियोच्या ‘आयसीयू’त पदवीसाठी अर्ज करताना

टोकियोच्या पश्चिमेस मिताका शहरात असलेल्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला सगळे ‘आयसीयू’ म्हणतात. (नातेवाइकांना फोनवर ‘मुलगी आयसीयूत आहे’ असे सांगण्यापूर्वी थोडा खुलासा केलेला बरा.) बारावीनंतर तेथे इंग्रजीच्या आधारे अर्ज करता येतो, मात्र अर्ज भरायला बसण्याआधी विद्यापीठाच्या नावातला ‘ख्रिश्चन’ हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण पालकांची पहिली शंका तिथेच असते आणि अर्जासोबत द्यायचे विद्यार्थ्यांचे निबंधही बहुधा तिथेच फसतात.

हे विद्यापीठ कोणत्याही एका चर्चच्या मालकीचे नाही. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये अमेरिकेतील रिचमंड येथील एका धर्मोपदेशकाने समेटाची खूण म्हणून जपानमध्ये विद्यापीठ उभारण्याची कल्पना मांडली, 1949 मध्ये गोतेंबा येथे जपानी आणि उत्तर अमेरिकन ख्रिस्ती प्रतिनिधींनी एकत्र बसून स्थापनेचा निर्णय घेतला आणि 1953 मध्ये पदवीचे वर्ग सुरू झाले. जपानमधील निधिसंकलनाचे नेतृत्व मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर हिसातो इचिमादा यांनी केले, आणि देणगीदारांत ख्रिस्ती नसलेले जपानी लोक मोठ्या संख्येने होते. जागा नाकाजिमा या विमान कंपनीची होती. जिथे लष्करी विमानांचे संशोधन चालत असे, तीच इमारत आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. विद्यार्थ्याचा धर्म प्रवेशाच्या आड येत नाही आणि चर्चमध्ये जाण्याची सक्ती नाही. ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा एक विषय मात्र सर्वांना घ्यावा लागतो, आणि तो अभ्यासाचा विषय म्हणूनच शिकवला जातो.

प्रवेशाच्या समारंभात प्रत्येक नवा विद्यार्थी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तत्त्वे पाळण्याच्या प्रतिज्ञेवर सही करतो. निबंध लिहिण्यापूर्वी हा जाहीरनामा एकदा संपूर्ण वाचावा, त्याची तीसच कलमे आहेत. ‘लहानपणापासूनच मला जपानविषयी आकर्षण आहे’ अशी सुरुवात आणि पुढे जपानी शिस्त व बुलेट ट्रेन यांचे कौतुक, असे निबंध मी इतके वाचले आहेत की दुसरी ओळ वाचण्याआधीच ती कोणती असेल हे कळते. त्याऐवजी स्वतःला खरोखर छळणारा एखादा प्रश्न घ्यावा. गावच्या पाणवाट्याचे भांडण घेतले, तर त्यात कायदा, जात, भूगोल आणि अर्थशास्त्र एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे दाखवता येते. आयसीयूत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निवडायचा असतो आणि तीसहून अधिक विषयांतून एक किंवा दोन घेता येतात. त्यामुळे ‘मला अमुकच व्हायचे आहे’ या ठाम घोषणेपेक्षा अनेक अंगांनी पाहण्याची तयारी तेथे अधिक उपयोगी पडते.

इंग्रजीच्या आधारे प्रवेश मिळालेल्यांना सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू करता येते. अर्ज बारावीच्या निकालाच्या बऱ्याच आधी करावा लागत असल्याने अकरावीतच त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका उघडून ग्राह्य परीक्षा, इंग्रजीचे गुण आणि मुदती पाहून ठेवाव्यात.

कागदपत्रांत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची गाडी हमखास अडते ती नावावर. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव कधी विद्यार्थ्याच्या नावाला जोडलेले असते, तर कधी गळालेले असते. ‘देशपांडे सई मिलिंद’ आणि ‘सई देशपांडे’ या एकच व्यक्ती आहेत, हे परदेशातील कार्यालयाला आपोआप कळत नाही. म्हणून अर्जात सर्वत्र पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः लिहावे, आणि फरक असल्यास शाळेच्या शिक्क्यासह एका परिच्छेदाचे इंग्रजी पत्र सुरुवातीलाच जोडावे.

वर्ग इंग्रजीतून मिळतात म्हणून जपानी टाळता येईल, अशी समजूत करून घेऊ नये. बाहेरून आलेल्यांसाठी विद्यापीठात जपानीचे स्वतंत्र वर्ग असतात. तेथे जाण्यापूर्वी हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या हाताने लिहिता येतील, इतकी तयारी घरीच करावी.

खर्चाचा विचार शेवटी ठेवू नये. शिक्षणशुल्क माफ करणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, पण काहींची मागणी प्रवेशअर्जासोबतच करावी लागते आणि ती राहून गेली तर नंतर सोय होईलच असे नाही. विद्यार्थी-व्हिसावर परवानगी काढून सत्रकाळात आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. त्यातून जेवणखाण आणि बसभाडे निघू शकते, शुल्क निघेल असे धरून चालू नये. प्रवेश पक्का झाल्यावर व्हिसासाठी लागणाऱ्या निवासपात्रतेच्या प्रमाणपत्रासाठी खर्च उचलणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाचे आणि बँकेतील शिलकीचे पुरावे मागितले जातात, म्हणून ऐनवेळी कुणाकडून रक्कम आणून खाते फुगवण्यापेक्षा काही महिन्यांच्या सरळ नोंदी असलेले पासबुक दाखवता येईल, अशी व्यवस्था आधीपासून करावी.