लॉजमध्ये नव्याने येणाऱ्या बंधूसाठी

फ्रीमेसन, म्हणजे परस्परांना बंधू मानून विधींतून नीतीचे शिक्षण देणाऱ्या संघटनेचा सभासद, होण्यासाठी मी तिच्या लॉजकडे (स्थानिक शाखेकडे) अर्ज केला, तेव्हा मुलाखतीला बसलेल्या ज्येष्ठ बंधूंनी मला एकच गोष्ट खोदून विचारली : तुम्हाला येथून काय हवे आहे? ‘चांगल्या लोकांच्या ओळखी होतील’ हे माझे उत्तर त्यांना रुचले नसावे, कारण अर्ज पुढे सरकायला आणखी काही महिने लागले. तेव्हा तो मला अपमान वाटला होता. पुढे वॉर्डन (लॉजच्या प्रमुखाखालचा पदाधिकारी) झाल्यावर इतरांच्या अर्जांविषयी मत देण्याची वेळ माझ्यावर आली, तेव्हा त्या विलंबाचा अर्थ उमगला.

लॉजचा दर्जा प्रथम दारातच राखला जातो. सूचक आणि अनुमोदक हवा, चौकशी हवी आणि शेवटी गोळ्यांचे गुप्त मतदान हवे. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या (तेथील लॉजांच्या मध्यवर्ती संस्थेच्या) नियमांनुसार तीन काळ्या, म्हणजे विरोधी, गोळ्या पडल्यास अर्ज फेटाळला जातो आणि लॉजला आपल्या उपनियमांनी ही संख्या दोन किंवा एकवरही आणता येते. त्याच नियमांत दोन डिग्र्यांमध्ये, म्हणजे विधीने मिळणाऱ्या पायऱ्यांमध्ये, किमान चार आठवड्यांचे अंतर सांगितले आहे. एंटर्ड ॲप्रेंटिसने (पहिल्या डिग्रीच्या सभासदाने) ठरावीक प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय त्याला फेलो क्राफ्टची, म्हणजे दुसरी, डिग्री मिळत नाही.

हे अंतर कमी करण्याचा मोह प्रबळ आहे. अमेरिकेत 1959 च्या सुमारास चाळीस लाखांहून अधिक सभासद होते. आज ते दहा लाखांच्याही खाली आले आहेत, आणि ही गळती थांबवण्यासाठी तेथील काही ग्रँड लॉजनी तिन्ही डिग्र्या एका दिवसात देण्याचे प्रयोगही केले. आमच्या लॉजने इतकी मजल मारली नाही, तरी एका वर्षी नियमाने शक्य तितक्या घाईने आम्ही काही जणांना मास्टर मेसन (तिसऱ्या डिग्रीचे सभासद) केले, आणि त्यांपैकी बहुतेकांनी पुढच्या हिवाळ्यापर्यंत येणे सोडले. दोष त्यांचा नव्हता. विधीत दाखवले जाणारे चोवीस इंची मोजपट्टीचे प्रतीक म्हणजे दिवसाच्या तासांची प्रार्थना, काम व विश्रांती आणि गरजू बंधूची मदत अशी वाटणी, हे त्यांनी ऐकले होते. त्याप्रमाणे एखादा महिना जगून पाहायला मात्र आम्ही त्यांना सवडच दिली नव्हती.

पाठांतराबाबत मी स्वतःही चुकलो आहे. शब्द न अडखळता म्हणणे म्हणजे विधी येणे, असे मला कित्येक वर्षे वाटे. दीक्षेच्या वेळी उमेदवाराजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतात, आणि त्यानंतर लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभे करून त्याच्याकडेच दान मागतात. त्याच्यापाशी द्यायला काहीच नसते. त्या क्षणीची त्याची गोंधळलेली नजर मी अनेकदा पाहिली आहे, आणि मला विचाराल तर फ्रीमेसनरीचा हेतू त्या नजरेत जितका दिसतो तितका कोणत्याही भाषणात दिसत नाही. रिकाम्या हातांनी उभे राहण्याची ही आठवण पुढे गरजू माणूस समोर आला की कामास यावी, यासाठी ती योजना आहे. विधी करणारा घाईत असेल, तर ती आठवण मनात रुजतच नाही.

जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या फ्रीमेसनांच्या 1723 च्या नियमग्रंथातच धर्म, राष्ट्र आणि राज्यकारभार यांवरील भांडणे लॉजच्या दाराआत आणू नयेत, असे बजावले आहे. सभा चालू असताना हा नियम सहसा मोडत नाही; तो मोडतो नंतरच्या भोजनाच्या टेबलावर. तेथे विषय बदलायला शिका, आणि ज्येष्ठच चुकत असतील तरी सौम्यपणे बदला.

सभासदत्वाची खूण असलेला ॲप्रन मिळाल्यावर पदांच्या क्रमाची चौकशी करण्याआधी आल्मनर कोण आहे ते विचारा. आजारी बंधूंची आणि दिवंगत बंधूंच्या कुटुंबांची विचारपूस त्याच्याकडे असते. पुढच्या भेटीला बरोबर येऊ का, असे त्याला विचारा. मी ते विचारले तेव्हा लॉजमध्ये येऊन मला सहा वर्षे झाली होती.