ब्राउझर अपडेट झाल्यावर लिनक्सवर बदलून घेतलेल्या कळा चालेनाशा झाल्या तर

गोव्यात मराठी टंकलेखन करणाऱ्या अनेकांच्या कळफलकावर मुळातच दोन-तीन थर चढलेले असतात. कोणाचा लॅपटॉप स्विंडनहून किंवा लिस्बनहून सुटीवर आलेल्या नातेवाइकाने आणून दिलेला असतो. ब्रिटिश कळफलकावर शिफ्टसह २ दाबले की अवतरणचिन्ह उमटते आणि ईमेलच्या पत्त्यातले ॲटचे चिन्ह एन्टरजवळ सरकलेले असते. पोर्तुगीज कळफलकावर एलच्या लगेच उजवीकडे, म्हणजे अमेरिकी मांडणीत जिथे अर्धविराम असतो तिथे, शेपटीचा सी बसलेला असतो. त्यावर आपण इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण मांडणी घालतो आणि शेवटी एखादी कळ निकामी झाली किंवा बोटांना गैरसोयीची वाटली की तिचे काम दुसऱ्या कळीकडे सोपवतो. असा संगणक वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. मग एके दिवशी ब्राउझर अपडेट होतो आणि बदलून घेतलेली कळ तेवढी ऐकेनाशी होते.

फोंड्यातील आमच्या वाचनालयात नेमके हेच घडले. समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेने तेथील एका कळफलकाची डावी कंट्रोल कळ मेली होती, म्हणून मी एक्समॉडमॅप या कळांची कामे बदलणाऱ्या आज्ञेच्या फाईलने कॅप्सलॉकला कंट्रोलचे काम दिले होते. ग्रंथसूचीच्या नोंदी कोहा या प्रणालीत, म्हणजे ब्राउझरमध्येच, भरल्या जात असल्यामुळे इतर प्रोग्रॅमकडे कोणाचे फारसे लक्षही नव्हते. एका सकाळी नोंदी करणाऱ्या बाईंनी सांगितले की कॅप्सलॉकसह सी दाबल्यावर मजकूर कॉपी होत नाही, उलट पुढची सगळी अक्षरे मोठ्या लिपीत उमटतात. मी ब्राउझर काढून पुन्हा बसवला, त्याचे प्रोफाइल नव्याने तयार केले आणि दोन दिवस घालवले. बिघाड ब्राउझरमध्ये नव्हताच. तो शोधण्याचा जो क्रम मी तेव्हा पाळायला हवा होता, तो पुढे देत आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलात, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत.

आधी कळ कुठवर पोहोचते ते पाहावे

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा मार्ग समजून घेतला की निम्मे काम होते. कळफलकाकडून आलेल्या संकेताला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक क्रमांक देतो. कॅप्सलॉकचा क्रमांक ५८ आहे आणि डाव्या कंट्रोलचा २९. एक्स या जुन्या चित्रप्रणालीत याच क्रमांकांत ८ मिळवले जातात, म्हणून तेथे ते ६६ आणि ३७ दिसतात. हा फरक ठाऊक नसला तर दोन साधनांनी दाखवलेले आकडे परस्परविरोधी वाटतात. पुढे एक्सकेबी नावाचा तक्ता त्या क्रमांकाला अर्थ देतो, म्हणजे ही कळ कंट्रोल आहे, ‘क’ आहे की रुपयाचे चिन्ह आहे हे ठरवतो. त्यानंतर तो अर्थ खिडकीकडे, म्हणजे ब्राउझरकडे जातो आणि ब्राउझर तो उघडलेल्या पानाकडे सोपवतो.

हा तक्ता कोणाच्या हाती असतो, येथे खरी मेख आहे. एक्सच्या सत्रात सर्व प्रोग्रॅम एकाच सर्व्हरचा एकच तक्ता वापरतात आणि एक्समॉडमॅप त्याच तक्त्यात खाडाखोड करते. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या चित्रप्रणालीच्या सत्रात मात्र खिडक्या पडद्यावर मांडणारा कंपोझिटर, म्हणजे गनोम या डेस्कटॉपमध्ये मटर किंवा केडीई या डेस्कटॉपमध्ये केविन, स्वतःचा तक्ता प्रत्येक खिडकीला देतो. जे प्रोग्रॅम अद्याप वेलँड जाणत नाहीत त्यांच्यासाठी एक्सवेलँड नावाचा एक्सचा लहान सर्व्हर आत चालतो आणि वेलँडच्या सत्रात एक्समॉडमॅपने केलेला बदल फक्त त्याच्यापुरता लागू होतो. फायरफॉक्सची १२१ वी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि तिच्यापासून वेलँडच्या सत्रात फायरफॉक्स आपणहून वेलँडची खिडकी उघडू लागला. क्रोमियमच्या कुळातील (क्रोमसारख्या) ब्राउझरमध्येही ओझोन प्लॅटफॉर्म या सेटिंगने हाच बदल होतो. म्हणजे अपडेटपूर्वी जो ब्राउझर एक्सवेलँडच्या आत राहून आपली फाईल मानत होता, तो अपडेटनंतर त्या घरातून बाहेर पडला. फाईल आहे तिथेच राहिली.

आपले सत्र कोणते आहे हे पाहण्यासाठी टर्मिनलात ‘एको’ लिहून जागा सोडावी आणि डॉलरचे चिन्ह जोडून एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप हे चलनाम (व्हेरिएबल) मोठ्या अक्षरांत लिहावे. उत्तर वेलँड किंवा एक्स११ असे येते. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, सपोर्ट असे लिहिल्यास उघडणाऱ्या पानावर विंडो प्रोटोकॉल या ओळीत वेलँड, एक्सवेलँड किंवा एक्स११ असा स्पष्ट उल्लेख असतो. ही एक ओळ मी पहिल्या दिवशी वाचली असती तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

आता कळ प्रत्यक्ष तपासावी. ईव्हीटेस्ट हे साधन सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवून यादीतील आपला कळफलक निवडावा आणि संशयित कळ दाबावी. मिरगाच्या पावसानंतर कळांच्या खाली दमटपणा साचून एखादी कळ दाबलेल्याच अवस्थेत अडकते किंवा मुळीच संकेत देत नाही. तसे असेल तर ते येथेच कळते आणि पुढची सगळी धडपड टळते. हे साधन प्रत्येक कळ पडद्यावर दाखवते, म्हणून ते चालू असताना पासवर्ड टाइप करू नये. त्यानंतर एक्सईव्ही आणि डब्ल्यूईव्ही ही दोन लहान साधने उघडावीत. पहिले एक्सच्या खिडकीला काय मिळते ते सांगते, दुसरे वेलँडच्या खिडकीला. दोन्हींत कॅप्सलॉक कंट्रोल म्हणून दिसत असेल आणि ब्राउझर तरीही मानत नसेल, तर दोष ब्राउझरच्या आत शोधावा. एक्सईव्हीत कंट्रोल आणि डब्ल्यूईव्हीत कॅप्सलॉक दिसत असेल, तर आमच्या वाचनालयाचाच प्रकार आहे. दोन्हींत कॅप्सलॉकच दिसत असेल, तर बदल मुळात लागूच झालेला नाही.

या शेवटच्या शक्यतेकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण अपडेट डोळ्यांसमोर झालेले असते. परंतु अपडेटनंतर संगणक बहुधा पुन्हा सुरू केलेला असतो, किंवा जूनमधल्या वाऱ्यापावसात वीज जाऊन तो आपोआप बंद पडलेला असतो. टर्मिनलात एकदाच दिलेली एक्समॉडमॅपची आज्ञा पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. एक्सच्या सत्रात यूएसबी कळफलक काढून पुन्हा जोडला, किंवा एखाद्या प्रोग्रॅमने मांडणी बसवणारी सेटएक्सकेबीमॅप ही आज्ञा चालवली, तरीही ती खाडाखोड पुसली जाते. उबुंटूच्या स्नॅप या पॅकेज स्वरूपातील ब्राउझर तर पार्श्वभूमीवर दिवसातून चार वेळा नवी आवृत्ती शोधतो. त्यामुळे अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी दिसले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे मानू नये. उबुंटू आणि डेबियनवर व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरांच्या आतील हिस्टरी लॉगमध्ये, फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी’ या आज्ञेने आणि स्नॅपसाठी ‘स्नॅप चेंजेस’ या आज्ञेने अपडेटची तारीख व वेळ मिळते. ती बिघाडाच्या वेळेशी ताडून पाहावी.

बदल योग्य थरावर नेणे

वेळ निभावून नेण्यासाठी एमओझेड अंडरस्कोर इनेबल अंडरस्कोर वेलँड हे चलनाम मोठ्या अक्षरांत लिहून त्याला ० हे मूल्य द्यावे आणि त्यासह फायरफॉक्स सुरू करावा. तो पुन्हा एक्सवेलँडमध्ये जातो आणि जुनी फाईल चालू लागते. वाचक समोर ताटकळत असताना मीही हेच केले. परंतु यावर कायमचे विसंबू नये. एक्सचा वापर सर्वत्र आटत चालला आहे, उबुंटू २५.१० मध्ये गनोमचे एक्सवरील सत्रही उरलेले नाही.

कॅप्सलॉकला कंट्रोल करणे, दोहोंची अदलाबदल करणे किंवा उजव्या ऑल्टला कंपोझ (दोन कळांतून एक चिन्ह जुळवणारी कळ) करणे, असे नेहमीचे बदल एक्सकेबीच्या तयार पर्यायांत आहेत आणि ते कंपोझिटरच्या तक्त्यातच बसत असल्यामुळे वेलँड व एक्सवेलँड दोन्हींना सारखेच लागू होतात. गनोममध्ये ट्वीक्स या प्रोग्रॅमच्या कीबोर्ड विभागात, आणि केडीईमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्डच्या पानावर, हे पर्याय नुसती खूण करून निवडता येतात. आमचा प्रश्न एवढ्यानेच सुटला.

उजव्या ऑल्टला हात लावण्यापूर्वी मराठी लिहिणाऱ्यांनी थोडे थांबावे. एक्सकेबीच्या देवनागरी मांडणीत ही कळ तिसऱ्या पातळीची कळ आहे. तिच्यासह ४ दाबले की रुपयाचे चिन्ह मिळते. तिला दुसरे काम दिले की ते चिन्ह हातचे जाते, आणि दोष मात्र अपडेटला दिला जातो.

एखाद्या कळीला एकदा दाबल्यावर एस्केप आणि धरून ठेवल्यावर कंट्रोल असे दुहेरी काम द्यायचे असेल, तर तयार पर्याय पुरत नाहीत. त्यासाठी कीडी हे साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. ते कर्नलच्या लगत बसते, खऱ्या कळफलकाचा ताबा घेते आणि बदललेले संकेत एका आभासी कळफलकातून पुढे पाठवते. म्हणून वर एक्स आहे की वेलँड, ब्राउझर कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा, याच्याशी त्याला देणेघेणे राहत नाही. त्याची फाईल ईटीसीच्या आत कीडी या फोल्डरमध्ये डीफॉल्ट डॉट कॉन्फ नावाने असते. चौकटी कंसातील ‘आयडीज’ विभागात ताऱ्याचे चिन्ह लिहिले की सर्व कळफलक त्यात येतात आणि ‘मेन’ विभागात कळांचे बदल लिहायचे असतात. फाईल बदलल्यावर ‘कीडी रीलोड’ ही आज्ञा सुडोसह द्यावी. चूक होऊन कळफलकच हाताबाहेर गेला, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एन्टर एकत्र दाबल्यावर कीडी बंद पडते. फाईल लिहायला घेण्यापूर्वी हे कागदावर टिपून ठेवावे. कीडी चालू असताना ईव्हीटेस्टमध्ये खरा कळफलक निवडल्यास काहीच दिसत नाही, कारण ताबा कीडीकडे असतो. यादीतील कीडीचा आभासी कळफलक निवडावा.

दोष ब्राउझरच्या आतच असेल तर

डब्ल्यूईव्हीत सारे ठीक दिसत असेल, तर आधी खासगी खिडकी उघडून तीच कळ दाबून पाहावी. तिथे विस्तार (एक्स्टेंशन) सहसा बंद असतात. कळ चालली तर एखाद्या विस्ताराने तो शॉर्टकट स्वतःकडे घेतलेला आहे. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत विस्तारांच्या पानावर त्यांचे शॉर्टकट पाहण्याची आणि बदलण्याची सोय आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट कोलन कॉन्फिग या पानावर ‘यूआय डॉट की डॉट ॲक्सेलकी’ ही नोंदही तपासावी. शॉर्टकटची मुख्य कळ कंट्रोल ऐवजी ऑल्ट किंवा सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) करण्यासाठी कोणी पूर्वी तिथे १८ किंवा ९१ लिहून ठेवलेले असते आणि विसरून गेलेले असते. कंट्रोलसाठी १७ हा आकडा आहे.

एकाच संकेतस्थळावर कळ चुकत असेल, तर कारण निराळे असते. ब्राउझर पानाला प्रत्येक कळीबद्दल दोन गोष्टी सांगतो: कोणते अक्षर उमटले आणि कळफलकावर कोणत्या जागेची कळ दाबली. जे पान जागेवरून निर्णय घेते ते मांडणीतील बदल मानतच नाही, मग आपण एक्सकेबीत काहीही करा. कीडीने केलेला बदल मात्र त्या पानालाही पोहोचतो, कारण जागेचा क्रमांकच बदललेला असतो. फायरफॉक्समध्ये फिंगरप्रिंटिंगला, म्हणजे संगणकाच्या वैशिष्ट्यांवरून वापरकर्ता ओळखण्याला, प्रतिकार करण्याची कडक सेटिंग चालू केली असेल, तर ब्राउझर पानापासून आपली खरी मांडणी लपवतो आणि इंग्रजी कळफलक असल्याचे भासवतो. देवनागरी मांडणीवर काम करताना हेही आठवावे.

मराठी अक्षरेच उमटत नसतील, तर आयबस या भाषालेखनाच्या साधनाकडे पाहावे. वेलँडच्या खिडकीत आयबसपर्यंतचा मार्ग वेगळा असतो आणि क्रोमियमच्या काही आवृत्त्यांत वेलँड आयएमई हा पर्याय हाताने सुरू करावा लागतो. इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्यांना माझा सल्ला असा की आयबसऐवजी सिस्टिमच्या यादीतील एक्सकेबीची मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट मांडणी घ्यावी, म्हणजे हा मार्गच लागत नाही. उच्चारानुसार रोमन अक्षरे टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र आयबस हवेच. दोघांनीही यादीत इंग्रजी मांडणी अवश्य ठेवावी. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी ‘म’ आणि व्हीच्या जागी ‘न’ असतो. कंट्रोलसह ‘म’ दाबल्यावर प्रोग्रॅम यादीतील रोमन मांडणीत त्या जागेचे अक्षर शोधतो, आणि ती मांडणीच नसेल तर कॉपीची आज्ञा ओळखली न जाण्याचा धोका असतो.

दुरुस्ती झाली की ब्राउझर, मग संपूर्ण संगणक पुन्हा सुरू करावा, यूएसबी कळफलक एकदा काढून जोडावा आणि प्रत्येक वेळी तीच कळ दाबून पाहावी. सर्व ठीक असेल तर घरच्या फोल्डरमधील एक्समॉडमॅपची जुनी फाईल आणि सत्राच्या आरंभी ती चालवणारी नोंद काढून टाकावी, आणि एक कळ एकाच थरावर बदललेली ठेवावी. ट्वीक्समध्ये कॅप्सलॉक व कंट्रोलची अदलाबदल निवडलेली असताना कीडीतही कॅप्सलॉकला कंट्रोल केले, तर कीडी कंट्रोल पाठवते, एक्सकेबी त्याचे पुन्हा कॅप्सलॉक करते आणि दोन्ही सेटिंग बरोबर असूनही कळ जशीच्या तशी राहते.