मसाल्याचा, लोणच्याचा, खानावळीचा छोटा धंदा आहे? मग नावाचा ट्रेडमार्क असा करा

घरून मसाले विकणारे, इन्स्टावर साड्या विकणारे, पोळीभाजी केंद्र चालवणारे, सगळ्यांची एक ठाम समजूत असते की शॉप ॲक्ट झालं, जीएसटी नंबर आला, फूड लायसन्सवर नाव छापून आलं म्हणजे ते नाव आता आपलं झालं. तसं नसतं हो. ही सगळी धंदा करायची परवानगी आहे, नावावरचा हक्क नाही. हक्क येतो ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली, आणि त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो.

आता सगळ्यात आधीचं काम, आणि माझं मत विचाराल तर अर्धी लढाई इथेच आहे, ते म्हणजे नाव निवडणं. लोकांना वाटतं नाव वाचताच माल कळला पाहिजे, म्हणून 'अस्सल मालवणी मसाले', 'चविष्ट पापड', 'घरगुती लोणची' अशी नावं ठेवतात. गिऱ्हाइकाला कळतं हे खरं, पण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा तो कुठून येतो ते सांगणारं नाव एकट्याला मिळत नाही, कारण उद्या शेजारच्या काकूंनाही त्यांच्या पापडाला चविष्ट म्हणायचं असणारच ना. तीच गत गावाच्या नावाची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालाची भौगोलिक ओळख, मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी, कुणा एका दुकानदारासाठी नाही. आणि देवाधर्माचं नाव ठेवायची आपल्याकडे भारी हौस, पण 'रामायण' नावाच्या अगरबत्तीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पवित्र ग्रंथाच्या नावावर मालासाठी कुणाची मक्तेदारी चालणार नाही. मग ठेवायचं काय? मालाशी संबंध नसलेला शब्द, किंवा सरळ बनवलेला शब्द. समजा मसाल्याला 'पारवा' नाव दिलं. पक्ष्याचा आणि मसाल्याचा काय संबंध, म्हणूनच ते भक्कम. सुरुवातीला लोक विचारतील हे काय नाव, विचारू दे.

नाव सुचलं की लगेच पिशव्या छापायला टाकू नका, आधी सर्च करा. आयपी इंडियाच्या सरकारी साइटवर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च फुकट आहे. त्यात वर्डमार्क (नुसता शब्द) आणि फोनेटिक (उच्चारावरून) असे वेगळे पर्याय येतात आणि दोन्ही बघायचे, कारण कायदा स्पेलिंग नाही बघत, कानाला काय ऐकू येतं ते बघतो. पारवा हे डब्ल्यू लावून टाका, व्ही लावून टाका, ए एकदा दोनदा टाकून बघा, 'पारवी', 'परवा' पण बघा. आणि गूगल, इन्स्टा, ॲमेझॉनवर पण शोधा, कारण रजिस्टर न करता कुणी तुमच्या आधीपासून ते नाव वापरत असेल तर त्याचा आधीच्या वापराचा हक्क कलम ३४ मध्ये शाबूत राहतो. हा नियम उलटा तुमच्याही कामाचा आहे बरं का, म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं, छपाईवाल्याची पावती, जाहिराती, जुन्या पोस्ट सगळं जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर नुसता हिशोब ठेवून नंतर पुरावा उभा करताना नाकी नऊ येतात.

मग क्लास ठरवा, म्हणजे तुमचा माल किंवा सेवा कुठल्या वर्गात बसते ते. एकूण ४५ क्लास आहेत, १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. मसाले, पापड ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, खानावळ ४३ मध्ये, कपडे २५ मध्ये. गंमत म्हणजे चकली ३० मध्ये जाते आणि बटाट्याचे वेफर्स २९ मध्ये, एकाच बरणीत बसत असले तरी. फी प्रत्येक क्लासची वेगळी लागते आणि अर्ज गेल्यावर त्यात नवा माल घुसवता येत नाही, त्यासाठी नवा अर्ज, तेव्हा पुढच्या दोनेक वर्षांत जे खरंच विकणार आहात तेवढंच पण सगळं लिहा.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन भरला तर एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला आणि छोट्या उद्योगाला क्लासमागे ४५०० रुपये, बाकी कंपन्यांना ९००० रुपये. प्रोप्रायटर असाल तर व्यक्ती म्हणूनच भरा, फर्म छोटा उद्योग म्हणून सवलत घेणार असेल तर उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, जोडा. एका अर्जापुरतेच पैसे असतील तर आधी वर्डमार्क करा, म्हणजे नुसत्या नावाचा, लोगोचा नंतर. लोगो दर चार वर्षांनी बदलावासा वाटतो, नाव तेच राहतं. मराठी नावाचा रोमन उच्चार आणि इंग्रजी अर्थ अर्जातच देऊन टाका. वापर कधीपासून हे विचारतात तिथे खरी तारीख टाका आणि प्रतिज्ञापत्रासोबत पुरावे जोडा, अजून सुरू केलं नसेल तर 'प्रपोज्ड टू बी यूज्ड' निवडा. तारीख मागे ढकलायचा मोह होतो, पण भांडण कोर्टात गेलं की आधी तीच तारीख तपासतात.

लोगोवरून आठवलं. बाहेरच्या डिझायनरकडून लोगो करून घेतला आणि पैसे चुकते केले म्हणजे कॉपीराइट आपोआप तुमचा होतो असं नाही. लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क तुमच्या नावावर केल्याचा कागद, घ्या, आणि त्यात मुदत व प्रदेश नीट लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एका पानाचं काम आहे, पण ते पान कुणी करत नाही.

अर्ज स्वतः भरता येतो, डिजिटल सिग्नेचर लागते. नाहीतर वकील किंवा ट्रेडमार्क एजंट. '९९९ मध्ये ट्रेडमार्क' अशा जाहिरातींत सरकारी फी धरलेली नसते एवढं विचारून घ्या. आणि हे एजंट प्रकरण करिअर म्हणूनही चांगलं आहे. कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट, वय २१ पूर्ण, भारतीय नागरिक, सरकारी परीक्षा पास झाला की ट्रेडमार्क एजंट होता येतं, एलएलबी असलंच पाहिजे असं नाही. पेटंट एजंटला मात्र सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते. या विषयाचं ट्रेनिंग देणारी केंद्र सरकारची संस्था तर आपल्या नागपुरातच आहे.

अर्ज गेला की नावापुढे टीएम लावू शकता. गोलातला आर मात्र रजिस्टर झाल्याशिवाय लावायचा नाही, तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

पुढे तपासणी होते. स्टेटसला 'ऑब्जेक्टेड' दिसलं की लोक घाबरतात, पण ती तपासनीसाची शंका असते, रिपोर्ट मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचं, पटलं नाही तर सुनावणी, ती हल्ली व्हिडिओवर होते. खरी झटापट 'ऑपोज्ड' मध्ये. मार्क, म्हणजे तुमचं नाव, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं, आणि घेतली तर तिची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत तुमचं उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. बरेच अर्ज नावात खोट असते म्हणून नाही तर ईमेल उघडला नाही म्हणून मरतात, तेव्हा अर्जात एजंटच्या मेलसोबत तुमचाही मेल द्या आणि महिन्यातून एकदा अर्ज नंबर टाकून स्टेटस बघत जा. अर्जाची माहिती सगळ्यांना दिसते, त्यामुळे 'ताबडतोब पैसे भरा' असे फोनही येतील, फी सरकारी साइटशिवाय कुठेही भरू नका.

हरकत आली नाही तर सर्टिफिकेट येतं आणि ते अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालतं. नंतर टीएम-आर भरून क्लासमागे ९००० रुपयांत रिन्यू करायचं, मुदत संपायच्या आधीच्या वर्षभरात कधीही, हुकलं तर सहा महिने जादा फी भरून सवलत आहे. आणि हो, सलग पाच वर्षं नाव वापरलंच नाही तर दुसरा कुणी ते रजिस्टरमधून काढायला अर्ज करू शकतो, त्यामुळे धंदा मंदावला तरी थोडाफार माल त्या नावाने विकत राहा आणि बिल फाडत राहा.