कॉलेज लॅक्रोस: सरलेल्या हंगामाचा आढावा आणि येणाऱ्या हंगामाचा अंदाज कसा बांधावा

जिंकले किती आणि हरले किती, एवढ्यावरच बहुतेक आढावे उभे असतात, आणि तिथेच फसतात. लॅक्रोस म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज लॅक्रोसमध्ये फेब्रुवारी ते मे या काळात संघाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-सोळा सामने येतात. त्यात एका गोलाने जिंकलेले चार सामने उलटे लागले, तर ९-६ चा संघ ५-१० होतो. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. म्हणून आधी सगळ्या सामन्यांचा गोलफरक मांडा आणि एक-दोन गोलांनी लागलेले निकाल वेगळ्या रकान्यात काढा. हा रकाना भरलेला असेल, तर संघाच्या 'जिगरी'बद्दल लिहिताना हात आखडता घ्या.

यानंतरचं काम ताबे, म्हणजे चेंडू किती वेळा आपल्याकडे आला ते, मोजण्याचं, आणि खरा आढावा इथूनच सुरू होतो. बास्केटबॉलमध्ये गोल झाला की चेंडू समोरच्या संघाला मिळतो, त्यामुळे दोघांचे ताबे जवळपास सारखे राहतात. लॅक्रोसमध्ये गोलनंतर फेसऑफ होतो: मैदानाच्या मध्यावर दोन्ही संघांचा एकेक खेळाडू जमिनीवरच्या चेंडूसाठी झुंजतो. फेसऑफ जिंकणारा संघ गोल करून लगेच पुन्हा चेंडू घेऊ शकतो, समोरच्यांची काठी चेंडूला लागतही नाही. म्हणून 'सामन्यात ११ गोल केले' हे वाक्य अर्धवट आहे. किती ताब्यांत केले?

ताबे काढायला अधिकृत स्कोअरशीट पुरते: जिंकलेले फेसऑफ, अधिक स्वतः केलेले क्लिअरचे (आपल्या बचावाच्या भागातून चेंडू मध्यरेषेपार नेण्याचे) प्रयत्न, अधिक प्रतिस्पर्ध्याचे फसलेले क्लिअर. एक काल्पनिक सामना घ्या. आपण ११-१० ने जिंकलो. २५ पैकी १४ फेसऑफ आपले. आपले २० क्लिअर, त्यातले ३ फसले. त्यांचे १९, त्यातले ४ फसले. आपले ताबे १४ + २० + ४ = ३८. त्यांचे ११ + १९ + ३ = ३३. आपण दर ताब्याला ०.२९ गोल केले, त्यांनी ०.३०. म्हणजे आक्रमणात तेच किंचित सरस होते. आपल्याला तारलं ते पाच जादा ताब्यांनी, आणि त्यातले तीन एकट्या फेसऑफचे. आता फेसऑफ घेणारा तो खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडत असेल, तर हा विजय पुढच्या वर्षीच्या हिशोबात धरता येत नाही.

जुन्या हंगामांशी तुलना करताना नियम बघून घ्या. ८० सेकंदांचं शॉट क्लॉक (चेंडू मिळाल्यावर शॉट घेण्याची मुदत) २०१९ च्या हंगामापासून आहे. फेसऑफला गुडघा टेकण्यावर आणि 'मोटरसायकल' पकडीवर (हँडल धरल्यासारखे दोन्ही तळवे खाली) २०२१ पासून बंदी आली. त्याआधीची फेसऑफची टक्केवारी आजच्या खेळाडूशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. २०२० चा हंगाम कोविडमुळे अर्ध्यावर रद्द झाला आणि खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं, त्यामुळे पुढची काही वर्षं बरेच संघ वयाने थोराड होते. त्या काळातल्या 'अनुभवी' बचावफळीचा मापदंड आजच्या संघाला लावू नका.

फसलेल्या क्लिअरना मात्र वेळ द्या. नुसती टक्केवारी काही सांगत नाही; व्हिडिओ लावून प्रत्येक फसलेल्या क्लिअरचं कारण लिहा. गोलकीपरची पहिलीच फेक चुकली? वीस सेकंदांत चेंडू मध्यरेषेपार गेला नाही? बदली खेळाडू घाईत आत आला आणि ऑफसाइड झालं (मध्यरेषेच्या एका बाजूला जास्त खेळाडू झाले)? की प्रतिस्पर्ध्याने दहाही जण वर चढवून राइड केली, म्हणजे क्लिअर रोखायला दडपण आणलं, आणि मोकळा माणूस कुणाला दिसलाच नाही? पहिलं कारण गोलकीपरच्या हाताचं आणि नजरेचं. दुसरं बहुधा लाँगस्टिकवाल्यांच्या चेंडू हाताळण्याचं: बचावपटूची काठी ५२ ते ७२ इंच लांब असते, तीत चेंडू सांभाळत दडपणाखाली धावणं सगळ्यांना जमत नाही. तिसरं सरावाने सुटतं. चौथं मात्र पुढच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्धी वापरून बघेल, कारण व्हिडिओ त्यांच्याकडेही असतो.

गोलकीपरच्या टक्केवारीचंही असंच आहे. अडवलेले शॉट भागिले अडवलेले अधिक झालेले गोल, हे सूत्र सोपं आहे. ५० टक्क्यांच्या वर असला की आकडा बरा मानतात. पण बारा यार्डांवरून आलेला शॉट आणि क्रीजच्या, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळाच्या, तोंडाशी मोकळ्या माणसाने मारलेला शॉट त्यात एकाच मापाने मोजले जातात. मैदानाचा कागदी नकाशा घेऊन गोलपासून आठ यार्डांच्या आतले आणि बाहेरचे शॉट वेगळ्या रंगांत टिपा. आतल्या ठिपक्यांची गर्दी दिसली, तर दोष गोलकीपरचा कमी आणि उशिरा येणाऱ्या स्लाइडचा, म्हणजे चकलेल्या बचावपटूच्या मदतीला धावण्याचा, जास्त. तीच बचावफळी कायम राहणार असेल, तर नवा गोलकीपर आणूनही चित्र फारसं बदलत नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या शिक्षेमुळे एक खेळाडू जास्त असतानाच्या आक्रमणावर फार शाई घालवू नका. हंगामात अशा संधी पन्नासच्या आसपास मिळाल्या, तर ४० टक्के आणि ३४ टक्के यांतला फरक तीन गोलांचा.

आता पुढचं वर्ष. 'आमचे ७० टक्के गोल परत येत आहेत' हे वाक्य हंगामपूर्व लेखांत हमखास भेटतं. गोल परत येतात, पण ते जमवून देणारा परत येतोय का? प्रत्येक गोलपुढे असिस्ट कुणाचा हे लिहिलेलं असतं. परतणाऱ्या खेळाडूचे गोल दोन ढिगांत वाटा: स्वतः डॉज करून, म्हणजे बचावपटूला चकवून, केलेले, आणि दुसऱ्याच्या पासवर केलेले. चाळीस गोल करणाऱ्या अटॅकमनचे तीस गोल गोलच्या मागून, म्हणजे 'एक्स'वरून, आलेल्या पासवर असतील आणि तो पास देणारा निघून गेला असेल, तर त्या चाळिसांवर भरवसा ठेवू नका. फेसऑफचंही तसंच: चेंडू नुसता बाहेर काढला की भागत नाही, विंगवरचे दोघे तो ग्राउंड बॉल उचलतात. ते दोघे कोण होते आणि राहणार आहेत का, हे तपासा.

स्कोअरशीटवर जवळपास न दिसणारी जागा म्हणजे शॉर्टस्टिक (छोट्या काठीचा) बचावात्मक मिडफिल्डर. एका वेळी चारच लांब काठ्या मैदानात चालतात, म्हणून प्रतिस्पर्धी शोधून शोधून छोट्या काठीवाल्यावर डॉज करतो. दोन चांगले शॉर्टस्टिक गेले, तर उरलेल्या बचावाला आधी आणि जास्त वेळा स्लाइड करावी लागते आणि क्रीजवर माणूस मोकळा सुटतो. ही गळती अंदाजात अवश्य मांडा. वाचणाऱ्याला ती आकड्यांतून कळणार नाही.

रोस्टर जागेनुसार उतरवून प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पक्की, चुरस, भोक. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेला खेळाडू पूर्वी कुठल्या भूमिकेत खेळला ते बघा. दुसऱ्या मिडफिल्ड लाइनवर (एकत्र आत-बाहेर होणाऱ्या मिडफिल्डर्सच्या दुसऱ्या गटात) प्रतिस्पर्ध्याच्या कमकुवत बचावपटूसमोर केलेले वीस गोल पहिल्या लाइनवर तेवढेच होत नाहीत. एप्रिलमध्ये गुडघ्याचं एसीएल फाटलेला खेळाडू पहिल्या सामन्याला असेल असं गृहीत धरू नका. परतायला साधारण नऊ ते बारा महिने लागतात. शरद ऋतूतल्या सराव सामन्यांत प्रशिक्षक मुद्दाम लाइन मिसळतात, त्यामुळे तिथले गोल मोजू नका. फेसऑफला कोण उभा राहिला आणि बचावातल्या सूचना कोण ओरडत होता, एवढं टिपलं तरी पुरे.

महिलांच्या संघासाठी चौकट हीच, मोजमाप वेगळं. मैदानात बारा जणी, शॉट क्लॉक ९० सेकंदांचं, आणि फेसऑफच्या जागी ड्रॉ, म्हणजे दोघींच्या काठ्यांमध्ये धरलेला चेंडू वर उडवणं. तिथे ड्रॉ घेणारीइतकीच वर्तुळाच्या कडेवरून चेंडूवर झेपावणारी महत्त्वाची असते, म्हणून ड्रॉ कंट्रोल (ड्रॉनंतर चेंडू कुणी मिळवला) खेळाडूनिहाय मोजा. आठ मीटरच्या कमानीवरचे फ्री-पोझिशन शॉट (फाउलनंतर मिळणारे) वेगळे ठेवा; ते किती मिळवले आणि किती दिले, यातून बचावाची शिस्त दिसते.

शेवटी वेळापत्रक. जिंकलेल्या सामन्यांचा एकच आकडा देण्यापेक्षा सामने तीन गटांत टाका: जिंकायलाच हवेत असे, बरोबरीचे, आणि वरचढ संघांविरुद्धचे. बरोबरीचे बहुतेक सामने फेब्रुवारीत, बाहेरगावी आणि गोठवणाऱ्या थंडीत असतील, तर नव्या फीडरला (गोलसाठी पास देणाऱ्याला) सूर सापडण्याआधीच दोन पराभव पदरात पडू शकतात. ते लेखात आधीच लिहून ठेवा. आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी एनसीएएची (अमेरिकन कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची) समिती प्रतिस्पर्ध्यांची ताकदही बघते हे विसरू नका: सोपे सामने लावून फुगवलेली विजयांची संख्या कॉन्फरन्सचं (कॉलेजांच्या आपल्या गटाचं) विजेतेपद हुकलेल्या संघाला मे महिन्यात फारशी उपयोगी पडत नाही.